दहा गुंठ्यात स्ट्रॉबेरी लावायचीय (सुरगाणा, सापुताऱ्याजवळ). रोपं कुठली, बेड कसे, विकायची कुठे, जरा सांगा

डोंगरशेत_सुरगाणा

नमस्कार मंडळी. आमचं गाव सुरगाणा तालुक्यात, हतगडच्या खालच्या अंगाला, सापुतारा रस्ता आमच्यापासून गाडीवर अर्ध्या तासावर. घरची जमीन अडीच एकर, पावसाळ्यात भात, नागली, थोडी वरई, आणि विहिरीला पाणी असेल तोवर रब्बीला कांदा नाहीतर टोमॅटो असं आजवर चालत आलंय. आता आमच्या भागात बऱ्याच गावांत स्ट्रॉबेरी लागायला लागलीय, थंडीत बोरगावपासून वर सापुताऱ्यापर्यंत रस्त्याच्या कडेला लाल टोपल्या दिसतात, ते बघून मी आणि बायको दोघांनी ठरवलंय की यंदा दहा गुंठे लावायचे. वडील म्हणतात भाताच्या खाचराला हात लावू नका, खायचं धान्य त्यातून येतं, आणि ते मलाही पटतं, म्हणून खाचर सोडून बाकी दोन जागा बघितल्यात. एक विहिरीला लागून आहे, काळसर माती, सपाट, तिथे गेल्या वर्षी टोमॅटो होता. दुसरी वरकस, लाल मुरमाड माती, थोडी उताराची, तिथे नागली असते, पण विहिरीपासून लांब आहे, पाईप टाकावा लागेल.

आता विचारायचं असं की यातली कुठली जागा घ्यावी, रोपं वाईहूनच आणावी लागतात का, कारण शेजारच्या गावात एकाचा गेल्या वर्षीचा प्लॉट तसाच उभा आहे आणि त्याला भरपूर रनर (टोकाला नवं रोप धरणारे लांब फुटवे) सुटलेत, तो म्हणतो फुकट घेऊन जा. ते लावले तर काय होईल? विहीर मार्चच्या शेवटी तळाला जाते, लाईट बरेचदा रात्रीचीच असते, तेवढ्या पाण्यात पीक निघेल का? आणि सगळ्यात मोठी काळजी विक्रीची, कारण टोमॅटोचं बघितलंय, माल तयार झाला की भाव पडतो आणि हा माल तर दोन दिवसही थांबत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा, घाई नाही.

पाचगणी_पठार

भाऊ, आमच्याकडं घरात तीन पिढ्या स्ट्रॉबेरी आहे, आजोबांच्या वेळेला मल्चिंग पेपर (बेडवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) नव्हता, गवत आणि भाताचा पेंढा फळाखाली पसरायचे, तेव्हापासूनचं बघत आलोय. पहिलं जागेचं सांगतो. टोमॅटोची जागा डोळे झाकून सोडून दे. टोमॅटो, वांगी, बटाटा, मिरची ज्या रानात होतं तिथं लगेच स्ट्रॉबेरी लावायची नाही, मर रोगाची बुरशी मातीत राहते आणि ती ह्या सगळ्या पिकांना सारखीच धरते. त्यात ती काळी माती, पाणी धरून ठेवणारी. स्ट्रॉबेरीच्या मुळाला ओलावा लागतो पण पाणी साचलेलं चालत नाही, मुळं लगेच काळी पडतात. तुझी वरकस लाल जमीन ह्या पिकाची आहे. महाबळेश्वर पाचगणीत तरी दुसरं काय आहे, तांबडी निचऱ्याची माती, थोडी आंबट अंगाची. सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या आत असला की झालं. पाईपाचा खर्च एकदाच होतो, मर लागलेलं रान मात्र वर्षानुवर्षं त्रास देतं.

दुसरं बेडचं. आमच्याकडं गादीवाफा करतो, वर अडीच फूट रुंद, उंची निदान एक फूट, आणि दोन बेडच्या मधोमध मोजलं तर चार फूट. एका बेडवर रोपांच्या दोन ओळी, एक फुटावर एक, समोरासमोर नाही तर तिरक्या, म्हणजे दोघांच्या मुळाला जागा मिळते. ह्या हिशेबाने एकरात बावीस हजाराच्या आसपास रोप बसतं, तुझ्या दहा गुंठ्याला साडेपाच हजार धर, वर शे-दोनशे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला. मल्चिंग पेपरचा चारशे मीटरचा रोल येतो, तुला साधारण सव्वाआठशे मीटर बेड होईल, म्हणजे दोन रोल आणि वर थोडा. उताराला आडवे बेड घे, पण अगदी सरळ आडवे नको, थोडा कल ठेव, म्हणजे सप्टेंबर ऑक्टोबरात परतीचा पाऊस वळवळत आला तर सरीतलं पाणी एका बाजूने निघून जाईल आणि बेडही फुटणार नाही.

आणि लागण करताना एकच गोष्ट जिवापाड जपायची, ती म्हणजे क्राऊन. पानं जिथून निघतात तो मधला गाभा असतो बघ, त्याचा निम्मा भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. क्राऊन मातीत गाडला गेला तर तो कुजतो आणि रोप आठवड्यात बसतं, फारच वर राहिला तर नवीन मुळं उघडी पडून सुकतात. बाया लागण करत असतात तेव्हा मी मागनं प्रत्येक बेडवर वाकून बघत जातो, दोन बोटांनी माती सारून क्राऊनची पातळी सारखी करतो, आणि मुळं खाली सरळ सोडलीत का वर वळवून कोंबलीत तेपण बघतो. मुळं वर वळली की त्या झाडाला शेवटपर्यंत जोर येत नाही. तुम्ही दोघंच आहात तर साडेपाच हजार रोप तीन चार दिवसांत हळूहळू लावा, उन्हं उतरल्यावर, दुपारी नाही. गडी लावून एका दिवसात उरकायच्या मागे लागू नका.

लागण सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. लवकर केली तर ऊन आणि पाऊस दोन्ही मारतात, उशीर केला तर थंडी पडायच्या आत झाड भरत नाही आणि मग फुलं येतात पण झाड लहानच राहतं. दिवस लहान झाला आणि रात्र गार झाली की हे झाड फुलाकडे वळतं, उन्हाळ्यात उष्णता वाढली की पुन्हा रनर सोडायला लागतं. ऑक्टोबरात जे रनर निघतील ते काढत राहायचे, सगळी ताकद झाडात राहू दे.

वाई_रोपवाटिका

मी रोपं विकतो हे आधीच सांगतो म्हणजे माझं बोलणं त्या हिशेबाने घ्या.

मदर प्लांट, म्हणजे ज्यांच्यापासून रोपं वाढवतात ती मूळ झाडं, बाहेरून येतात, कॅलिफोर्निया, स्पेन, इटली अशा ठिकाणांहून, उन्हाळ्यात आमच्याकडे पोचतात. महाबळेश्वरच्या पावसात रोपं टिकत नाहीत म्हणून वाईच्या बाजूला खाली, जिथे पाऊस कमी आहे तिथे ती लावतात, मग त्याला रनर सुटतात, एकेक रनर पिशवीत नाहीतर ट्रेमध्ये धरतात, आणि सप्टेंबरात ती रोपं शेतकऱ्याकडे जातात. म्हणजे तुम्ही लावता ते रोप मदरच्या पहिल्या दुसऱ्या पिढीचं, फळ न घेतलेलं असतं. शेजारच्या गावातले फुकटचे रनर आहेत ते फळ घेतलेल्या, अख्खा सीझन कोळी (पानाचा रस शोषणारी बारीक कीड) आणि करपा (बुरशीचा रोग) बघितलेल्या, मग भर पावसात उभ्या असलेल्या झाडाचे आहेत. दिसायला हिरवेगार दिसतील, पण करपा आत घेऊन येतात.

रोप घेताना कुणाकडूनही घ्या पण तपासून घ्या. गाडीत भरायच्या आधी दहा-पंधरा रोपं वेगवेगळ्या कोपऱ्यातून उचला. क्राऊन पेन्सिलीएवढा जाड पाहिजे. पिशवी फाडून मुळं बघा, पांढरी पिवळसर आणि दाट पाहिजेत. मग दोन तीन रोपांचे क्राऊन सरळ ब्लेडने उभे कापा. आत दुधी पांढरं दिसलं तर ठीक. लालसर तपकिरी रेघा किंवा डाग दिसले तर तो लॉट घेऊ नका, नर्सरीवाला काहीही म्हणू दे. जो नर्सरीवाला कापून बघू देत नाही त्याच्याकडून घ्यायचंच नाही.

जातींचं म्हणाल तर विंटर डॉन आणि स्वीट चार्ली लवकर येतात, चार्ली गोड पण नरम, लांबच्या प्रवासात दबते. कॅमारोसा जरा उशिरा येते पण फळ टणक, गाडी सहन करते. नाबिला आता आमच्याकडे भरपूर लागते, चवीला चांगली. तुम्ही रस्त्यावर विकणार असाल तर चवीची जात घ्या, सुरत नाशिकला पाठवणार असाल तर टणक. दहा गुंठ्यात दोन जाती पुरेत, चार नको, तोडणीत गोंधळ होतो.

तुमच्याकडे वाईहून रात्रभराचा प्रवास आहे, तेव्हा ट्रेमधलं रोप परवडेल, पिशवीतल्या मातीचं वजन फार होतं. रोप पोचलं की त्याच दिवशी ताडपत्रीतून काढून सावलीत मोकळं ठेवायचं, गाडीत उकाडा झाला तर पानं पिवळी पडतात. आणि बुकिंग आताच करा. भाद्रपदात फोन केला की उरलंसुरलं मिळतं.

सीमेवरची_शेतकरीण

दादा, मी तुमच्याच तालुक्यातली, आमचा स्टॉल सापुतारा रस्त्यावर असतो म्हणून विक्रीचं मी सांगते, कारण पीक कसं काढायचं ते हे लोक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील पण वाईचं मार्केट वेगळं आणि आपलं वेगळं.

आपलं गिऱ्हाईक म्हणजे सापुताऱ्याला येणारा गुजरातचा पर्यटक. तो येतो शनिवार रविवार, नाताळ, एकतीस डिसेंबर आणि उत्तरायणाला म्हणजे आपल्या संक्रांतीला. दिवाळीला सगळ्यात जास्त गर्दी असते पण तेव्हा आपल्याकडे माल नसतो, ऑक्टोबरात लावलेलं डिसेंबरात कुठे जोरात येतं, त्यामुळे दिवाळीच्या भरवशावर काही हिशेब करू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी शनिवार रविवार माल पुरत नाही आणि मंगळवार बुधवार कुणी विचारत नाही, खरी अडचण ही आहे, कारण झाड काही वार बघून पिकत नाही. एक दिवसाआड तोडावंच लागतं. मग मधल्या वारांचा माल कुठे जाणार हे तुम्ही रोप बुक करायच्या आधी ठरवा. आम्ही गावातल्या पाच सहा घरांनी मिळून एक गाडी लावली, मंगळवार गुरुवारचा माल सगळ्यांचा एकत्र नाशिकला जातो, एकट्याच्या वीस किलोसाठी गाडी परवडत नाही. आडतीवर पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) येते ती बघून रडू येईल असे दिवसही येतात पण निदान माल फेकावा लागत नाही.

दहा गुंठ्यात किती माल निघेल हे विचारलं नाहीत पण सांगते, झाडामागे पाव किलो धरा पहिल्या वर्षी, जास्त नको. साडेपाच हजार झाडाला तेरा चौदाशे किलो, आणि तो चार महिन्यांत पसरून येतो. म्हणजे एका तोड्याला पंचवीस तीस किलो, भरात चालू असताना पन्नास साठ. दोन माणसांना सकाळी तोडून, निवडून, भरून स्टॉलला पोचवायला हे बरोबर बसतं. ह्याच्यापेक्षा जास्त लावलं असतं तर मी नको म्हटलं असतं. चांगली सवय झाली की झाडामागे चारशे ग्रॅमपर्यंत निघतं, आमच्या गावात काढणारे आहेत.

तोडणीचं नीट ऐका कारण निम्मा माल इथेच खराब होतो. पहाटे दव असतं ते सुकू द्या आणि उन्हं तापायच्या आत संपवा. फळाला हात लावायचाच नाही, देठ पहिल्या बोटाच्या आणि अंगठ्याच्या नखात धरून हलका पीळ द्यायचा, हिरवी टोपी आणि थोडा देठ फळाबरोबर आला पाहिजे. टोपी निघालेलं फळ संध्याकाळपर्यंत पाणी सोडतं. तोडलेलं सरळ पनेटमध्ये (फळं भरायच्या छोट्या डब्यात), टोपलीत ओतायचं आणि मग निवडायचं असं दोनदा हाताळायचं नाही. धुवायचं तर अजिबात नाही. स्टॉलवरचा माल पूर्ण लाल झाल्यावर तोडा, नाशिकला जाणारा पाऊण लाल असताना. पण एक लक्षात ठेवा, तोडल्यावर स्ट्रॉबेरीचा रंग चढतो, गोडी चढत नाही. कच्ची तोडलेली लाल होऊन आंबटच राहते, आणि तसली एकदा खाल्लेला गिऱ्हाईक आपल्या पूर्ण रस्त्याला नाव ठेवतो.

म्हणून हात जोडून सांगते, पनेटमध्ये वर मोठी आणि खाली बारकी असं भरू नका. काहीजण करतात. सुरतेचा माणूस गाडीत बसल्यावर पाच मिनिटांत खालपर्यंत पोचतो, परत येताना तो थांबत नाही. आम्ही मोठी वेगळी, मधली वेगळी, आणि बारकी भाव कमी करून किलोवर विकतो, आणि मिल्कशेक वाले हॉटेलवाले ती बारकीच मागतात. परत येणारं गिऱ्हाईक आमचं निम्म्यापेक्षा जास्त आहे, फोन करून विचारतात ताई आहे का.

आणि खोक्यावर महाबळेश्वर स्ट्रॉबेरी असं लिहिलेले तयार बॉक्स मिळतात ते घेऊ नका. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, ते नाव त्या भागातल्या मालाचं आहे. आपली स्ट्रॉबेरी सुरगाण्याची आहे, तसंच लिहा, आपल्या मालाला काय कमी आहे? साधा कोरा बॉक्स आणि वर गावाचं नाव.

कृषी_पदवीधर_कळवण

सगळ्यांनी छान लिहिलंय, मी पाणी, खत आणि कीड यावर भर घालतो. मी ह्या भागातल्या स्ट्रॉबेरीच्या बऱ्याच प्लॉटवर जातो.

पाणी. ठिबकशिवाय नको, बेडच्या मधून एक लॅटरल (ठिबकची नळी), एक फुटावर ड्रीपर, दोन ओळींना पुरते. मल्चिंग असल्यामुळे बाष्प जात नाही. रात्रीच्या लाईटला ठिबक चालवायला अडचण नाही, पण विहिरीतून आधी वर एका टाकीत नाहीतर अस्तर घातलेल्या छोट्या शेततळ्यात पाणी चढवून ठेवलं आणि सकाळी उतारावरून सोडलं तर तुमच्या वरकस जागेला ते सोयीचं पडेल, फक्त फिल्टर आणि टाकीची उंची ठिबकवाल्याला दाखवून घ्या. रोज थोडं थोडं पाणी द्यायचं, चार दिवसांनी एकदम भरपूर असं नाही. लागवडीनंतर पहिले आठ दहा दिवस मात्र वरून तुषार किंवा झारीने हलकं पाणी लागतंच, नवीन मुळं फुटेपर्यंत ठिबकचं पाणी रोपापर्यंत पोचत नाही. विहीर मार्चअखेर आटते म्हणता, तर काळजी करू नका, आपल्याकडे मार्च मध्यापासून ऊन एवढं चढतं की फळ बारीक आणि मऊ व्हायला लागतं, महाबळेश्वरसारखा एप्रिल मे पर्यंतचा सीझन इथे धरायचाच नाही. शिमग्यापर्यंत हिशेब करा.

ठिबक आणि मल्चिंगला अनुदान आहे, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, पण पूर्वसंमती आल्याशिवाय खरेदीचं बिल करू नका, नाहीतर अनुदान अडकतं. कृषी सहाय्यकाला आजच गाठा.

मल्चिंग पेपर चंदेरी-काळा घ्या, चंदेरी बाजू वर. थंड जागी काळा चालतो पण आपल्याकडे ऑक्टोबर हीटमध्ये काळ्या पेपरखाली मूळ भाजतं.

खत. बेड भरताना चांगलं कुजलेलं शेणखत आणि लिंबोळी पेंड. कच्चं शेणखत टाकलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) घेऊन येतं, आपल्या लाल मातीत हुमणी आधीच असते. शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी मित्रबुरशी) मिसळून सावलीत ओलं करून ठेवा, मग टाका. पुढे ठिबकमधून सुरवातीला १९:१९:१९ (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाशच्या प्रमाणाचे), फुलाच्या आधी १२:६१:० आणि फळ सुरू झालं की १३:०:४५ आणि ०:०:५०, थोडं थोडं, आठवड्यातून दोनदा. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी द्यायचं, स्फुरद किंवा सल्फेटच्या खताबरोबर एका टाकीत मिसळलं की साका तयार होतो आणि ड्रीपर बंद पडतात. युरियाच्या मागे लागू नका. पानं मोठी होतात, फळ मऊ होतं, आणि बुरशी धरते.

कीड रोगात तुम्हाला खरा त्रास देणार तो लाल कोळी. जानेवारीच्या शेवटाला हवा कोरडी झाली की येतो. पान वरून फिकट, बारीक टिपके पडल्यासारखं दिसतं, पालथं केलं की खाली बारीक जाळी आणि हलणारे ठिपके. छोटं भिंग खिशात ठेवा आणि रस्त्याच्या कडेची झाडं आधी बघा, धुळीच्या बाजूनेच सुरू होतो. सुरवातीला पानाच्या खालून नुसत्या पाण्याचा जोरात फवारा मारला तरी बराच कमी होतो. तेव्हाच दुकानदाराच्या सांगण्यावरून भारी कीटकनाशक मारू नका, त्याने कोळी खाणारे मित्रकोळी मरतात आणि महिन्याने हा दुप्पट होऊन येतो. आणि एक दिवसाआड तोडा चालू असताना प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व काळ (फवारल्यावर तोडणीला थांबायचे दिवस) लेबलवर असतो तो पाळणं ही आपली जबाबदारी आहे. ही फळं लोक न सोलता, लहान पोरांना गाडीतच खायला देतात. ज्याचा काळ सात दिवसांचा आहे ते मारलं तर सात दिवसांचा माल तोडून फेकायची तयारी पाहिजे, नसेल तर मारूच नका.

डिसेंबरात ढगाळ आणि धुकं राहिलं की फळावर राखाडी बुरशी येते, मऊ होऊन वर करड्या केसांसारखी लव दिसते. तसली फळं तोडून सरीत टाकायची नाहीत, वेगळ्या बादलीत घेऊन बांधाबाहेर खड्ड्यात पुरा. जुनी वाळकी पानं काढत राहा म्हणजे हवा खेळते.

फवारणी संध्याकाळीच, मधमाशा घरी गेल्यावर. फळ वेडंवाकडं, एका बाजूला चपटं येतं त्याचं कारण बरेचदा अपुरं परागीभवन असतं, फळावरच्या प्रत्येक बारीक बीला पराग मिळाला तरच त्या बाजूचा गर भरतो. आपल्या भागात सातेरी माशी आहे, आग्या मोहोळ आहे, ती जाळू नका. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथे मध आणि स्ट्रॉबेरी एकाच तालुक्यात नांदतात, आपल्याकडेही दोन पेट्या ठेवायला काय हरकत आहे.

फुकटच्या रनरबद्दल माझं मत जरा वेगळं. पूर्ण प्लॉट त्यावर करू नका हे मान्य, पण एका कोपऱ्यात दोन बेड ते लावून बघा, पैसे लागत नाहीत आणि तुमच्या डोळ्याने फरक दिसेल.

पाचगणी_पठार

पदवीधर भाऊ, बाकी सगळं लाखमोलाचं लिहिलंय पण हे शेवटचं मला मान्य नाही. दोन बेड पण नको. कोळी वाऱ्याने जातो, करप्याचे बीजाणू पावसाच्या थेंबाने उडतात, तू ज्या कोपऱ्यात लावशील तिथून तो बाकी अडीच हजार फूट बेडवर पोचणार. नवीन माणसाने पहिल्याच वर्षी शेतात रोग विकत घ्यायचा आणि वर रोग कुठला नि कमतरता कुठली हे ओळखत बसायचं, त्यापेक्षा ते रनर कुंडीत घराच्या मागे लावून पोरांना खाऊ दे. शेतापासून लांब.

आणि गव्याचं रानडुकराचं कुणी बोललं नाही. आमच्याकडं गवा एका रात्रीत बेड तुडवून पेपरच्या चिंध्या करतो. तुझ्याकडं गवा नसेल पण माकडं, डुक्कर, साळिंदर असणार, वरकस रान गावापासून लांब आहे म्हणतोस. लाल रंग दिसला की बुलबुल पण येतात. जाळी किंवा झटका मशीन (तारेला हलका विजेचा झटका देणारं कुंपण) काय ते लागणीच्या आधी बसव, फळ लागल्यावर नाही.

कृषी_पदवीधर_कळवण

पटलं, वाऱ्याचा मुद्दा बरोबर आहे. रनर प्लॉटच्या जवळ नकोच.

डोंगरशेत_सुरगाणा

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री बायकोला आणि वडिलांना सगळं वाचून दाखवलं. वडील ताईंचं विक्रीचं ऐकून म्हणाले की हे बरोबर बोलतेय, आधी गाडीचं बघ. आमच्या वाडीतले तिघं जण यंदा लावणार आहेत, त्यांच्याशी आज बोललो, मंगळवार गुरुवारची गाडी एकत्र करायला तयार आहेत. जागा वरकसच घेणार. रनर घेणार नाही, त्या माणसाला तसं सांगून टाकलं. निम्मी नाबिला, निम्मी विंटर डॉन असं डोक्यात आहे.

दोन शंका राहिल्या. ताई, उरलेल्या मऊ फळाचा बायको घरी जॅम करायचा म्हणते, स्टॉलवर ठेवला तर चालेल का? आणि आता आषाढ लागलाय, बेड सप्टेंबरात करायचे, तोवर त्या जागेत नागली लावू का रिकामी ठेवू?

सीमेवरची_शेतकरीण

जॅम करा की, पण बरणीत भरून विकायचं तर अन्नपरवाना लागतो, एफएसएसएआयची छोट्या धंद्याची नोंदणी असते ती करून घ्या, ऑनलाईन होते. बचत गट असेल तर गटाच्या नावावर करा, आमच्या गटाने तेच केलं. आणि जॅमला मऊ फळ चालतं, बुरशी आलेलं नाही. अर्धं कापून चांगला भाग वापरू असंही करायचं नाही. सुरवातीला क्रश (सरबताचा घट्ट गोड रस) करा, जॅमपेक्षा सोपा आणि रस्त्यावर सरबत म्हणून ग्लासावर पण जातो. वहिनींना सांगा काही अडलं तर इथे विचारा.

पाचगणी_पठार

नागली नको, ती निघेपर्यंत तुझी लागण मागे पडेल. रिकामं पण ठेवू नको, उताराची माती ह्या पावसात वाहून जाईल. ताग पेर. आता पेरलास तर पोळ्याच्या सुमाराला फुलावर येईल, तेव्हा कापून जमिनीत गाडायचा, पुढं तीन चार आठवडे कुजायला मिळतात आणि मग बेड. ताग फुलोऱ्याच्या पुढं जाऊ देऊ नको, काडी जून झाली की लवकर कुजत नाही आणि बेडला अडथळा करते. बी दाट टाक, उघडीप बघून, नाहीतर सगळं खालच्या बांधाला गोळा होईल.

पेरायच्या आधी मातीचा नमुना काढून कृषी विज्ञान केंद्रात दे, विहिरीच्या पाण्याचा पण एक बाटली दे, स्ट्रॉबेरीला क्षाराचं पाणी सोसत नाही. नमुना सात आठ जागचा घे, वरचा पालापाचोळा बाजूला करून टीचभर खोल, सगळा एकत्र कालवून त्यातला अर्धा किलो. बांधाच्या कडेची, झाडाखालची आणि जिथं उकिरडा होता तिथली माती त्यात घेऊ नको.